किनाऱ्यावरचे प्रकाशचित्रण : कॅमेरा उघडण्याआधी तिथी पाहा

सडावासी (धागाकर्ता) :

मागच्या महिन्यात एका परिचितांनी मला दोन प्रकाशचित्रे दाखवली. दोन्ही गुहागरच्या किनाऱ्यावरची, दोन्ही सूर्यास्ताची, कॅमेरा एकच आणि उभे राहण्याची जागाही जवळजवळ तीच. मध्ये फक्त आठ दिवस गेले होते. पहिल्या चित्रात ओल्या वाळूवर सगळे आकाश उतरले होते आणि परतणाऱ्या पाण्याच्या रेषा नजरेला थेट सूर्यापर्यंत नेत होत्या. दुसऱ्यात आकाश तितकेच रंगलेले असूनही खालचा निम्मा भाग म्हणजे पावलांनी तुडवलेली कोरडी वाळू, दोन पिशव्या आणि एक करवंटी. ‘दुसऱ्या दिवशी सेटिंग कुठे चुकले?’ असे त्यांनी विचारले. सेटिंग चुकलेच नव्हते. पहिली संध्याकाळ वद्य प्रतिपदेची होती आणि दुसरी नवमीची, एवढेच काय ते कारण.

कोकणात वाढलेल्या पुष्कळांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक हिशेब मिळालेला असतो : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास बारा मिनिटे मिळवली की ओहोटीची वेळ येते. हा हिशेब प्रकाशचित्रकाराने उलट बाजूने मांडून पाहावा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान येते, म्हणजे सूर्यास्ताला पाणी सर्वांत दूर गेलेले असते. अष्टमी-नवमीला नेमके उलटे होते; शिवाय ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असल्याने पाणी फार वर चढतही नाही आणि वरची कोरडी वाळू तशीच उघडी राहते. आमच्या परिचितांना नवमीच्या संध्याकाळी तीच भेटली.

आता यातली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते किनाऱ्यावरच्या चित्रांत सर्वाधिक फरक तिनेच पडतो. पाणी किती दूर आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेने चालले आहे हे महत्त्वाचे असते. पाणी उतरत असताना प्रत्येक लाट मागे गेली की वाळूवर पाण्याचा पातळ थर काही क्षण टिकतो आणि तोच आरसा होतो. पाणी चढत असताना मात्र समोरची वाळू अजून कोरडी असते, लाट येते, ती भिजवते आणि तुम्ही मागे सरकता. म्हणून सूर्यास्ताची वेळ ओहोटीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत पडेल असा दिवस मी निवडतो. पूर्ण ओहोटी सूर्यास्तानंतर तासाभराने असावी. पाऊणपटीच्या हिशेबाने तो दिवस प्रतिपदा किंवा द्वितीया ठरतो. त्यातही शुद्ध द्वितीया असेल आणि पश्चिमेचे आकाश मोकळे असेल, तर सूर्य बुडाल्यावर त्याच जागी चंद्रकोर दिसू लागते आणि ओल्या वाळूत तिचे प्रतिबिंबही मिळते. वर्षातून अशा बारा-तेरा संध्याकाळी येतात, त्यांतल्या पावसाळ्यातल्या वजा केल्या तर सात-आठ उरतात. मी त्या आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवतो.

दुसरा हिशेब सूर्याचा. आपल्या अक्षांशांवर, म्हणजे रत्नागिरीच्या आसपास, सूर्य डिसेंबरात खऱ्या पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २४ ते २५ अंशांवर मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. दोन टोकांमध्ये जवळजवळ ४९ अंशांचा फरक पडतो. हात सरळ पुढे ताणून मूठ डोळ्यांसमोर धरली तर ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे हा फरक पाच मुठींचा झाला. एखाद्या पुळणीच्या (वाळूच्या किनाऱ्याच्या) दक्षिण टोकाला डोंगर समुद्रात उतरला असेल तर तिथे हिवाळ्यात सूर्य डोंगराच्या अंगाला मावळतो आणि उन्हाळ्यात मोकळ्या पाण्यात. ‘अमुक ठिकाणचा सूर्यास्त सुंदर आहे’ या वाक्याला महिना जोडल्याशिवाय फारसा अर्थ नाही, हे येथील प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनीही कृपया लक्षात घ्यावे. त्याच मुठीने वेळही मोजता येते : सूर्य आणि क्षितिज यांच्यात एक मूठ अंतर उरले असेल तर सूर्यास्ताला सुमारे चाळीस मिनिटे आहेत असे समजावे.

सूर्य बुडाल्यावर लोक कॅमेरे बंद करून भेळेच्या गाडीकडे वळतात, पण रंग बहुतेक वेळा त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत येतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरत असल्यामुळे संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर जायला बावीस-तेवीस मिनिटे पुरतात. युरोपातल्या लेखांमध्ये तासभर चालणाऱ्या निळ्या प्रकाशाची वर्णने असतात, ती वाचून येथे निवांत राहू नये. चौकट आधीच ठरवलेली, ट्रायपॉड रोवलेला आणि फिल्टर खिशात असला पाहिजे.

सदस्यांनी आपापल्या किनाऱ्यांचे अनुभव लिहावेत अशी विनंती.

खाडीकाठचा :

उत्तम धागा. आमच्या घरी मासेमारी होती, त्यामुळे पाऊणपटीचा हिशेब मी चालायला लागल्यापासून ऐकत आलो आहे (आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात). तरी त्याला तीन पुरवण्या जोडाव्या लागतील.

पहिली अशी की तो अंदाज आहे. दक्षिणेकडे, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याकडे, भरती मुंबईच्या आधी येते, आणि एकाच तिथीला मुंबईची आणि आमची वेळ यांत पाऊण-एक तासाचा फरक सहज पडतो. शिवाय तिथी घड्याळाप्रमाणे चालत नाही. ती दिवसाच्या कोणत्याही वेळी बदलते. बेत आखायला पाऊणपट वापरावी, पण जाण्याच्या दिवशी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. भारतीय सर्वेक्षण विभाग ती दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि मोबाइलवरही ती मिळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात. कोष्टकात वेळेशेजारी उंचीचा आकडा असतो, तो बहुतेक जण वाचतच नाहीत. संध्याकाळची ओहोटी ०.३ मीटरची आहे की १.२ मीटरची, यावर समोरचे खडक उघडे पडणार की नाही हे ठरते. सर्वांत मोठे उधाणही अगदी पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे धागाकर्त्यांची द्वितीया त्या अंगानेही बरोबर बसते.

तिसरी पुरवणी भूगोलाची. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक असतो. दक्षिणेला येता येता तो कमी होतो आणि मालवणकडे दोन-सव्वादोन मीटरांवर येतो. म्हणून अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, तशी गंमत आमच्याकडे नाही. परंतु त्याच कारणाने तिकडे पाणी परततेही वेगाने. किल्ल्याच्या तटावरून सूर्यास्त टिपण्याच्या नादात परतीची वाट बुडालेली मंडळी दरवर्षी दिसतात. ओहोटीची वेळ गेली की घाईने नव्हे, पण ताबडतोब निघावे.

नवखी_दापोली :

अतिशय उपयुक्त माहिती. माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनच आहे, त्यामुळे प्रश्न कदाचित बाळबोध वाटतील. कर्द्याच्या किनाऱ्यावर मी जेव्हा जेव्हा सूर्यास्त टिपते तेव्हा एकतर सूर्याचा पांढरा डाग होतो किंवा सगळी वाळू काळी पडते. आणि क्षितिज कधीच सरळ येत नाही. यावर काही उपाय आहे का?

सडावासी :

खाडीकाठचा यांचे आभार, उंचीच्या आकड्याचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता.

नवखी_दापोली, कर्दे-मुरुडचा किनारा सपाट आणि घट्ट वाळूचा आहे. सपाट वाळूवर पाण्याचा थर रुंद पसरतो, म्हणून आरसा मिळण्यासाठी तुमची जागा हेवा वाटावा अशी आहे. फोनमध्ये सूर्याजवळच्या उजळ ढगावर, खुद्द सूर्यावर नव्हे, बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि प्रकाशमापन दोन्ही तिथेच अडकून राहतात. मग सूर्याच्या खुणेची पट्टी थोडी खाली ओढा. ढगांतले रंग दिसू लागले की थांबा. वाळू काळी पडणार नाही, कारण ती ओली असेल तर आकाशाचाच प्रकाश परत देईल. कोरडी असेल तर काळी पडणारच, आणि तेव्हा सरळ तिला चौकटीबाहेर काढावे. बहुतेक फोनमध्ये अतिरुंद लेन्सपेक्षा मुख्य लेन्स स्पष्ट प्रतिमा देते. क्षितिजासाठी पडद्यावर जाळी सुरू करा. समुद्राचे क्षितिज अर्धा अंश जरी कलले तरी पाणी एका बाजूने सांडते आहे असे वाटते. डोंगरदऱ्यांच्या चित्रात हीच चूक खपून जाते. आणखी एक : फोन वर-खाली कलवल्यावर रुंद लेन्समध्ये क्षितिज धनुष्यासारखे वाकते. ते चौकटीच्या मध्याजवळ ठेवून नंतर वरचा किंवा खालचा भाग कापला तर सरळ राहते.

आणि लेन्स पुसा. समुद्रावर दहा मिनिटे उभे राहिले की फोनच्या काचेवर खारट ओलावा बसतो. अर्ध्याहून अधिक धुरकट चित्रांचे कारण तेवढेच असते.

आता कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी लाटांच्या वेळेविषयी लिहितो. माझ्या वहीत गेल्या काही वर्षांच्या नोंदी आहेत. १/१००० सेकंदाला खडकावर फुटलेल्या लाटेचा थेंबन्‌थेंब थांबतो, पण त्यासाठी लाट मोठी हवी. १/१५ला चित्र धड स्थिर नाही, धड वाहते नाही असे दिसते आणि हललेलेच वाटते. १/४ सेकंद ते १ सेकंद या पट्ट्यात खरी मजा आहे : लाट परत जाताना तिच्या फेसाच्या दोऱ्या वाळूवर ओढल्या जातात आणि त्या सगळ्या समुद्राकडे, म्हणजे सूर्याकडे, धावतात. त्यासाठी लाट येताना नव्हे तर ती वर चढून क्षणभर थबकली आणि मागे वळली की बटण दाबावे लागते. ट्रायपॉड घोट्याएवढ्या पाण्यात, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. दहा वेळा दाबले तर एक जमते. मागच्या द्वितीयेला मी अठ्ठेचाळीस चित्रे काढली आणि दोन ठेवली.

सूर्य असताना १ सेकंद मिळवायचा तर सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे काळसर काचेचा, फिल्टर लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). तो प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/६० सेकंदाचे साधारण १ सेकंद होते. दहा स्टॉपचा फिल्टर सुमारे हजारपट कमी करतो, १/३०चे अर्धे मिनिट होते आणि समुद्राचे धुके होऊन जाते.

कातळप्रेमी :

त्या धुक्याविषयीच बोलायचे आहे. प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक समूहात समुद्राचे दूध केलेली चित्रे पाहून मी कंटाळलो आहे. वेळणेश्वर, आंजर्ले, निवती, सगळे किनारे एकसारखे पांढरे दिसतात. कोकणातला समुद्र हा पुरुषभर लाटांचा, गढूळ, आवाज करणारा समुद्र आहे, आणि तीस सेकंदांनी त्याचा आवाजच काढून घेतला जातो. खडकांमध्ये अडकलेल्या शांत डबक्यासाठी किंवा भांगाच्या निवांत पाण्यासाठी मी ते समजू शकतो. एरवी मला १ सेकंदाच्या पुढे जाण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा मतभेद फिल्टरबाबत. अर्धा काळा, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर मोकळ्या समुद्रावर ठीक आहे, क्षितिज सरळ असल्याने त्याची कडा लपते. पण चौकटीत डोंगराची सोंड किंवा माडांचे शेंडे आले की तेही वरून काळे पडतात. त्यापेक्षा ट्रायपॉडवर दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त अशी तीन चित्रे काढून नंतर जोडावीत.

सडावासी :

दुधाबाबत तुमचे बरेचसे मान्य. तीन चित्रे जोडण्याबाबत मात्र अडचण अशी, की वाहत्या पाण्यात तिन्ही चित्रांतल्या लाटा वेगळ्या असतात आणि जोडताना फेसाच्या दोन-दोन कडा दिसतात. मी आकाश एका चित्रातून आणि पाणी संपूर्णपणे दुसऱ्या एकाच चित्रातून घेतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, संस्करण न झालेल्या फाइलमध्ये) काढले आणि हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या कडेला आकाश आपटणार नाही याची काळजी घेतली, तर आजच्या सेन्सरवर पुष्कळदा एकच चित्र पुरते. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवावा, ‘ऑटो’ला सूर्यास्ताचा लाल रंग चूक वाटतो आणि तो इमानेइतबारे दुरुस्त करून टाकतो.

संस्करण करताना एक पथ्य पाळावे. पाण्यातले किंवा वाळूतले प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा नेहमी थोडे गडदच असते. सावल्या उजळताना ते आकाशापेक्षा उजळ झाले, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे त्याला लगेच कळते.

लाटांमागे :

कोणी ट्रायपॉडविषयी लिहिले नाही, म्हणून माझी फजिती सांगतो. पहिला चांगला ट्रायपॉड घेतल्यावर हौसेने तो हर्णैच्या पाण्यात उभा केला. घरी येऊन फडक्याने पुसला, पाय मिटले आणि कपाटात ठेवला. पंधरा दिवसांनी उघडायला गेलो तर खालचे दोन टप्पे हलेनात. पायांच्या जोडांत गेलेली वाळू आणि मीठ यांचा लगदा सुकून सिमेंट झाले होते. दुरुस्तीवाल्याने एक पाय सोडवला, दुसरा सोडवताना त्याची चुडी फुटली. तेव्हापासून शिस्त अशी : पाण्यात उभा करताना आधी सर्वांत खालचा, बारीक टप्पा पूर्ण उघडायचा आणि उंची वरच्या टप्प्यांनी ठरवायची, म्हणजे जोड पाण्याच्या वर राहतो. घरी आल्यावर पाय न मिटता विहिरीवर दोन बादल्या गोडे पाणी ओतायचे आणि उलटा करून सावलीत वाळवायचा.

ओल्या वाळूत ट्रायपॉड नुसता ठेवला तर प्रत्येक लाट पायांखालची वाळू नेते आणि लांब एक्स्पोजरच्या मध्येच तो हळूच खचतो. ठेवल्यावर वरून दोन्ही हातांनी दाबून, थोडा हलवून, वीतभर तरी आत रोवावा आणि पहिली लाट जाऊ द्यावी.

लेन्सच्या काचेवर तुषार उडाले तर कोरडे फडके कधीही फिरवू नये. सुकलेल्या मिठाचे कण काच ओरखडतात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओले केलेले मऊ कापड, मग कोरडे. पावसाळ्यात तर लेन्सच्या आत बुरशी धरते. माझी एक जुनी लेन्स जून ते ऑगस्ट चामडी पिशवीत राहिली आणि गणपतीत बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या खर्चात ते टळले असते. आणि वातानुकूलित खोलीतून थेट बाहेरच्या दमटात कॅमेरा काढू नये. बंद पिशवीतच वीस-पंचवीस मिनिटे ठेवून मग उघडावा.

नवखी_दापोली :

विहिरीवरच्या दोन बादल्या लक्षात ठेवते. एक विचारायचे राहिले. सगळे संध्याकाळविषयीच लिहीत आहेत. आमच्याकडे सकाळी किनारा रिकामा असतो, पण सूर्य डोंगरामागून फार उशिरा वर येतो आणि तोपर्यंत ऊन कडक झालेले असते. सकाळी काही उपयोग होतो का?

खाडीकाठचा :

सकाळ खाडीची आणि किल्ल्यांची, संध्याकाळ पुळणीची, असे मी वाटून घेतले आहे.

समुद्रातले किल्ले किनाऱ्याच्या पश्चिमेला आहेत. हर्णैच्या बंदरावरून सुवर्णदुर्ग, मालवणातून सिंधुदुर्ग, राजपुरीहून जंजिरा पाहायचा तर सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि तटावर थेट ऊन असते. दगडाचा खरा रंग तेव्हाच दिसतो; संध्याकाळी त्यांची फक्त काळी आकृती मिळते. मात्र सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्यालगत पसरलेली, बसकी आहे. रुंद लेन्सने ती क्षितिजावर ओढलेल्या रेघेसारखी दिसते. येथे ७०-२०० मिमीची लेन्स घ्यावी आणि पुढे होड्या, मागे तट अशी रचना करावी. डोंगराआडून ऊन उशिरा येते ही तक्रार खरी आहे, पण समुद्रातल्या किल्ल्यावर ऊन किनाऱ्यापेक्षा आधी पडते, कारण डोंगराची सावली तिथवर पोचत नाही. तुम्ही सावलीत आणि किल्ला उन्हात, अशी दहा-पंधरा मिनिटे मिळतात.

खाडीवर डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके धरते. सड्याच्या (किनाऱ्यामागच्या सपाट कातळी पठाराच्या) कडेवरून खाली पाहिले तर धुक्यातून माडांचे शेंडे तेवढे वर आलेले असतात आणि मागे सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात. त्या रांगा जवळ आणायच्या तर १५० ते ३०० मिमी लेन्स, आणि सूर्य त्यांच्या मागून वर येण्याच्या आत काम उरकायला हवे.

पोलरायझरविषयी (चकाकी कापणाऱ्या, फिरवता येणाऱ्या फिल्टरविषयी) एक स्थानिक निरीक्षण. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात सर्वाधिक होतो. आपला किनारा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आणि सूर्य सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिम. म्हणजे किनाऱ्याच्या लांबीला समांतर उभे राहून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहिले तर पोलरायझर पूर्ण जोरात चालतो आणि सूर्याकडे तोंड केले तर आकाशावर काहीच करत नाही. फार रुंद लेन्सवर मात्र आकाशाचा एक पट्टा काळा आणि दोन्ही बाजू फिकट, असे ठिगळ दिसते. आणि धागाकर्त्यांचा वाळूचा आरसा टिपताना तो काढून ठेवावा, नाहीतर फिरवता फिरवता प्रतिबिंबच पुसले जायचे.

सडावासी :

पोलरायझरचा हा मुद्दा मला इतक्या स्पष्टपणे सुचला नव्हता. मी तो मुख्यतः पावसाळ्यात वापरतो. भिजलेला जांभा आणि पाने यांवरची पांढरी चकाकी तो काढून टाकतो आणि खालचा तांबडा-हिरवा रंग वर येतो. यात दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो आणि पावसाळी प्रकाश आधीच कमी, म्हणून ट्रायपॉड हवाच.

चंद्राचेही सांगतो. शुद्ध चतुर्दशीला संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सह्याद्रीवर उगवतो, तेव्हा जमिनीवर ऊन असते आणि दोन्ही एकाच चित्रात नीट मावतात. पौर्णिमेला तो उगवेपर्यंत जमीन अंधारायला लागते. वद्य प्रतिपदेला पहाटे हेच समुद्राच्या बाजूला घडते : सूर्योदयाच्या सुमारास चंद्र अजून पश्चिमेला, पाण्यावर असतो. सूर्य-चंद्राची प्रतिमा सेन्सरवर लेन्सच्या फोकल लांबीच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी पडते. २०० मिमीला ती दोन मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे माडामागे भला मोठा चंद्र हवा असेल तर मोठी लेन्स घेऊन माडापासून दूर जावे लागते.

कातळप्रेमी :

मी किनारा सोडून वर सड्यावर नेतो, नाहीतर हा धागा वाळूतच रुतेल. सड्यावर रुंद लेन्स लावून कमरेएवढ्या उंचीवरून चित्र काढले तर निम्मी चौकट रिकामा कातळ आणि निम्मी रिकामे आकाश, असेच मिळणार. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कातळावरच्या पाण्याच्या थाळ्यांत सीतेची आसवे फुलतात, कडेला तेरडा असतो. पोटावर आडवे होऊन लेन्स फुलांपासून तीन फुटांवर आणा. अग्रभाग नुसता असून चालत नाही, तो मोठा दिसला पाहिजे, आणि तो मोठा दिसण्यासाठी तुम्ही त्याच्या अंगावर गेले पाहिजे. झोपण्यापूर्वी आपण कशावर झोपतो आहोत तेवढे पाहावे. एका चित्रासाठी हातभर फुले चिरडणारे महाभाग मी पाहिले आहेत.

जवळचे फूल आणि लांबचा समुद्र दोन्ही स्पष्ट हवे असतील तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी आणि एफ/११ला फोकस पावणेदोन मीटरवर ठेवावा. सुमारे ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळे चालण्याजोगे स्पष्ट येते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १६ मिमी आणि एफ/८ला फोकस १.६ मीटरवर, आणि स्पष्टता ८० सेंटिमीटरपासून. एफचा आकडा वाढला की लेन्सचे छिद्र लहान होते; एफ/२२पर्यंत जाण्याचा मोह टाळावा, तिथे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच मऊ होते.

आणि कातळशिल्पे. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू येथली शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून सड्यांवर गर्दी वाढली, पण बहुतेक लोक दुपारी बाराला येतात आणि ‘काही दिसत नाही’ म्हणून परततात. कोरीव रेषा उथळ असतात. माथ्यावरच्या उन्हात त्यांना सावलीच नसते. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास गाठावा, प्रकाश डावीकडून किंवा उजवीकडून येईल असे उभे राहावे, म्हणजे प्रत्येक रेषेची एक कड उजळते आणि दुसरी काळी होते. ढगाळ दिवशी अंधार पडल्यावर एकाने बॅटरी जमिनीलगत आडवी धरली आणि दुसऱ्याने लांब एक्स्पोजर दिले तर तोच परिणाम मिळतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा आहे, तो जमिनीवरून एका चौकटीत बसत नाही. तिथे एखादा तपशील निवडावा, किंवा कॅमेरा लांब काठीला बांधून उंच करावा. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रांगोळी भरणाऱ्यांना हात जोडून विनंती, की असे करू नये.

लाटांमागे :

पावसाळ्यात समुद्रावर काय टिपावे? १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद, पाणी तांबूस, आकाश करडे. मी दरवर्षी दोन महिने कॅमेरा डब्यात ठेवतो.

सडावासी :

शाकारलेल्या होड्या टिपाव्यात. बंदीच्या काळात त्या ओळीने वर ओढलेल्या असतात, झापांनी किंवा निळ्या ताडपत्रीने झाकलेल्या, आणि त्यांच्यामागे कोसळणारा समुद्र. करड्या आकाशात सावल्या नसतात, त्यामुळे रंग दबत नाहीत, उलट खुलतात; आकाशच मात्र चौकटीत कमी घ्यावे, कारण तिथे पाहण्यासारखे काही नसते. मळभात मी क्षितिज अगदी वरच्या कडेशी नेतो किंवा साफ वगळतो. आणि दिवसभराच्या पावसानंतर पश्चिमेला क्षितिजाजवळ ढग फाटला तर सूर्य शेवटच्या पाच मिनिटांत त्या फटीतून खालून ढगांवर उजेड टाकतो. असे महिन्यातून दोनदा होत असेल, पण मार्च-एप्रिलमधल्या गढूळ हवेत, जिथे सूर्य क्षितिजावर पोचण्याआधीच विरघळतो, ते एकदाही होत नाही. फक्त उधाणाच्या दिवसांत खडकांवर जाऊ नये. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावरचे लाटांनी पोखरलेले, मधाच्या पोळ्यासारखे खडक सर्वांना टिपायचे असतात, पण ते शांत दिवशी, पाणी उतरत असताना, आणि कोणीतरी समुद्राकडे लक्ष ठेवून उभे असताना.

नवखी_दापोली :

काल शुद्ध द्वितीया होती, म्हणून मुद्दाम गेले. कोष्टकात ओहोटी ७.१२ची होती, उंची ०.६. साडेपाचला पोचले तेव्हा वाटले की खूपच लवकर आले, पण तोपर्यंत बारीक खेकड्यांनी वरच्या वाळूवर गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती, तिच्यातच अर्धा तास गेला. मग सांगितल्याप्रमाणे ढगावर बोट दाबून पट्टी खाली ओढली. वाळू काळी पडली नाही. सूर्य बुडाल्यावर बारा मिनिटांनी सगळे गुलाबी झाले आणि मग कोर दिसली, पण फोनमध्ये ती नुसता ठिपका आली. क्षितिज सरळ आहे! चित्र चढवते आहे. उजव्या कोपऱ्यात पाय दिसतो आहे तो माझ्या भावाचा, तो कसा काढावा?

कातळप्रेमी :

पाय राहू द्या. त्याच्यामुळेच वाळू किती सपाट आहे आणि पाणी किती पातळ, ते कळते. डावीकडची पिवळी पिशवी मात्र कापा.

सडावासी :

सहमत. कोरीसाठी कॅमेराच लागेल, फोनच्या मुख्य लेन्सला ती एवढीच येणार. पुढच्या शुद्ध द्वितीयेला मी आंजर्ल्याला आहे, संध्याकाळी पाचपासून. माझा जुना कॅमेरा आणि २०० मिमीची लेन्स बरोबर आणतो, भावालाही घेऊन या. ट्रायपॉड धरायला कोणीतरी लागतेच.